खुब्याच्या सांध्याचे शिल्पकार : सर जॉन चार्नली

वडोदऱ्याच्या सर सयाजीराव रुग्णालयापासून बांबोळीच्या गोमेकॉपर्यंत खुब्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया आज सर्वांच्या परिचयाची झाली आहे. तिच्यामागे एका इंग्रज अस्थिशल्यविशारदाची तपश्चर्या आहे आणि त्याने पचवलेले मोठे अपयशही आहे.

जॉन चार्नली यांचा जन्म २९ ऑगस्ट १९११ रोजी लँकेशायरमधील बरी येथे झाला. मँचेस्टरला वैद्यकीय शिक्षण घेऊन दुसऱ्या महायुद्धात त्यांनी लष्कराच्या वैद्यकीय दलात सेवा केली. त्या काळी खुब्यात ॲक्रिलिकचा गोळा बसवीत. असा गोळा बसवलेल्या एका रुग्णाचा सांधा चालताना करकरत असे. त्या आवाजावरून, घर्षणामुळेच कृत्रिम सांधा सैल होत असावा, हे चार्नली यांनी ताडले. मग त्यांनी सुमारे २२ मिलिमीटर व्यासाचा धातूचा लहान गोळा व टेफ्लॉनची वाटी योजली आणि दंतवैद्य वापरीत त्या जातीच्या ॲक्रिलिक सिमेंटने हे भाग हाडात पक्के केले.

आरंभी रुग्णांच्या वेदना थांबल्या. पण दोन-तीन वर्षांतच वाट्या झिजल्या आणि त्यांच्या कणांनी भोवतीचे हाड पोखरले. असे सुमारे तीनशे रुग्ण होते. चार्नली यांनी हे अपयश लपवले नाही. त्यांनी रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया केल्या आणि शरीर या द्रव्याला कसा प्रतिसाद देते हे पाहण्यासाठी ते स्वतःच्या मांडीत टोचून घेतले.

१९६२ मध्ये त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी पॉलिएथिलीनची चाचणी यंत्रावर घेतली. टेफ्लॉन एका दिवसात झिजे तितकेही ते तीन आठवड्यांत झिजले नाही. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात नवी वाटी प्रथम बसवली गेली. जंतुसंसर्ग टाळण्यासाठी चार्नली यांनी राइटिंग्टन रुग्णालयात शुद्ध हवेचा बंदिस्त शस्त्रक्रिया कक्ष उभारला आणि संसर्गाचे प्रमाण शंभरात सुमारे सातवरून एकाच्याही खाली आले. याच रुग्णालयात फ्रँक गन्स्टन यांनी धातू व पॉलिएथिलीनचा गुडघाही घडवला.

१९७७ मध्ये चार्नली यांना 'सर' हा किताब मिळाला. ५ ऑगस्ट १९८२ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे स्वीडनसारख्या देशांनी प्रत्येक सांधेबदलाची नोंद ठेवून निरनिराळ्या पद्धती पडताळण्याची प्रथा रुजवली. शस्त्रक्रियेचा खरा निकाल रुग्ण घरी परतल्यावर, पुढील अनेक वर्षांत लागतो, हा धडा चार्नली यांनी त्या तीनशे रुग्णांकडून घेतला होता.