एका युद्धकादंबरीची किंमत

युद्धावरील साहित्याचा विषय निघाला की ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ या कादंबरीचे नाव हमखास घेतले जाते. पहिल्या महायुद्धातील एका सामान्य जर्मन शिपायाची ही कहाणी आणि तिचा लेखक एरिक मारिया रेमार्क ही दोन्ही नावे मराठी वाचकाला अपरिचित नाहीत. युद्धाची किंमत नेमकी कोण मोजतो, हा प्रश्न रेमार्कने या पुस्तकात विचारला होता. त्याचे उत्तर पुढे त्याच्याच घरातून वसूल केले गेले, ही गोष्ट मात्र तितकीशी ठाऊक नसते. ती जाणून घेतल्याखेरीज रेमार्कचे चरित्र पुरे होत नाही.

रेमार्कचा जन्म २२ जून १८९८ रोजी जर्मनीतील ओस्नाब्र्युक या शहरी एका कॅथलिक कुटुंबात झाला. वडील पुस्तकबांधणीचा व्यवसाय करीत. घरची परिस्थिती बेताचीच. अशा घरातील हुशार मुलाला परवडणारे शिक्षण म्हणजे प्राथमिक शिक्षक होण्याचे. ते चालू असतानाच नोव्हेंबर १९१६मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, सक्तीच्या भरतीखाली त्याला लष्करात जावे लागले. जून १९१७मध्ये त्याची रवानगी पश्चिम आघाडीवर झाली. खंदक खणणे, आडोसे उभारणे, काटेरी तारा लावणे हे त्याच्या तुकडीचे काम. ३१ जुलै १९१७ रोजी बेल्जियममधील ईप्र शहराभोवती ब्रिटिशांनी मोठी चढाई सुरू केली. याच परिसरात १९१४-१५ साली हिंदुस्थानी पलटणींनीही आपले रक्त सांडले होते. चढाईच्या त्या पहिल्याच दिवशी तोफगोळ्याचे तुकडे लागून रेमार्कचा पाय, हात आणि मान जखमी झाली.

पुढचे वर्षभराहून अधिक काळ तो ड्युइसबुर्ग येथील लष्करी रुग्णालयात होता. त्याच काळात, सप्टेंबर १९१७मध्ये, त्याची आई कर्करोगाने वारली. प्रकृती सुधारल्यावर रुग्णालयाच्या कचेरीत त्याला लिखापढीचे काम मिळाले आणि आघाडीवरून येणाऱ्या जखमींच्या हकिकती रोज कानांवर पडू लागल्या. प्रत्यक्ष आघाडीवर तो दोन महिनेही नव्हता. विरोधकांनी पुढे याचे भांडवल केले. परंतु त्याच्या कादंबरीत एकट्याचा पराक्रम नाही, एका सबंध पिढीचे दुखणे आहे, याचे मूळ या रुग्णालयातच शोधावे लागते.

युद्ध संपले तेव्हा रेमार्क वीस वर्षांचा होता. काही काळ त्याने खेड्यांतून शिक्षकी केली, थडग्यांचे दगड विकले, मनोरुग्णालयाच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवला. १९२० साली निघालेली त्याची पहिली कादंबरी इतकी फसली की पुढे तिचे नाव काढणेही त्याला नकोसे वाटे. त्यानंतर त्याने आपल्या आडनावाचे जुने, फ्रेंच वळणाचे स्पेलिंग पुन्हा स्वीकारले आणि ‘पॉल’ या मधल्या नावाच्या जागी आईच्या नावातील ‘मारिया’ घेतले. हानोफर येथील एका टायर कंपनीसाठी जाहिराती लिहून झाल्यावर तो बर्लिनला एका क्रीडाविषयक नियतकालिकाच्या संपादकवर्गात दाखल झाला. दिवस नोकरीत सरत होते. युद्धाच्या आठवणी मात्र पाठ सोडत नव्हत्या. १९२७च्या अखेरीस, कचेरीतून परतल्यावर संध्याकाळी लिहीत बसून, त्याने अवघ्या सहा आठवड्यांत ही कादंबरी पुरी केली.

युद्धाविषयी आता कोणाला वाचायचे आहे, या समजुतीने एका नामवंत प्रकाशकाने हस्तलिखित नाकारले. अखेर उलश्टाइन या प्रकाशनसंस्थेने ते स्वीकारले. १० नोव्हेंबर १९२८पासून, म्हणजे युद्धसमाप्तीला दहा वर्षे पूर्ण होण्याच्या आदल्या दिवसापासून, ‘फॉसिशे त्साइटुंग’ या दैनिकात कादंबरी क्रमशः प्रसिद्ध झाली. जानेवारी १९२९च्या अखेरीस ती पुस्तकरूपाने आली. पहिल्या दीड वर्षात बावीस भाषांत मिळून तिच्या सुमारे २५ लाख प्रती खपल्या.

या यशाचे कारण कथानकात नाही. पॉल बॉयमर आणि त्याचे वर्गमित्र कांटोरेक नावाच्या शिक्षकाच्या देशभक्तीपर व्याख्यानांना भुलून सैन्यात जातात आणि एकामागून एक मरतात, एवढेच कथानक. पण सत्ता सामान्य माणसापर्यंत कोणत्या रूपात पोहोचते, हे रेमार्कने फार नेमके टिपले आहे. कालपर्यंत गावात टपाल वाटणारा हिमेलश्टोस गणवेश चढवताच पोरांचा छळ करू लागतो. मरणाऱ्या मित्राच्या उत्तम बुटांवर दुसऱ्याची नजर असते, आणि ती दुष्टपणाने नसते. बूट मिळणे कठीण असते म्हणून असते. सम्राट कैसर सैनिकांच्या पाहणीला येतो, तेव्हा हा माणूस कल्पनेपेक्षा किती साधा दिसतो याचेच शिपायांना नवल वाटते. मंत्र्यांनी आणि सेनापतींनी एखाद्या आखाड्यात उतरून आपसांत निकाल लावून घ्यावा, अशी सूचना पॉलचा एक मित्र करतो. आणि तोफगोळ्याने पडलेल्या खड्ड्यात पॉल एका फ्रेंच सैनिकाला भोसकतो, तेव्हा त्याच्या खिशातल्या पाकिटातून बायको-मुलीचे छायाचित्र निघते. हा शत्रू छापखान्यात खिळे जुळवणारा कामगार होता, हे पॉलला त्याच वेळी कळते.

पुस्तक राजकीय नाही, असे रेमार्क सांगत असे. डाव्या टीकाकारांचा आक्षेपही नेमका तोच होता. युद्ध का झाले, कोणाच्या हितासाठी झाले, याचा उलगडा लेखक करीत नाही, असे त्यांचे म्हणणे. उजव्यांना मात्र यात राजकारणाखेरीज दुसरे काही दिसेना. जर्मन सैन्य रणांगणावर हरलेच नाही, त्याच्या पाठीत घरच्यांनी सुरा खुपसला, या कथेवर नाझी पक्ष पोसला जात होता. भुकेलेला, थकलेला, कशासाठी लढतो आहोत हे न उमजलेला रेमार्कचा शिपाई त्या कथेत बसत नव्हता.

सप्टेंबर १९३०च्या निवडणुकीत १०७ जागा मिळवून नाझी पक्ष जर्मन संसदेत दुसऱ्या क्रमांकावर आला. त्याच वर्षी लुई माइलस्टोनने हॉलिवूडमध्ये कादंबरीवर चित्रपट काढला होता आणि तो उत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करचा मानकरी ठरला. डिसेंबरात तो बर्लिनमध्ये झळकला, तेव्हा गोबेल्सच्या नेतृत्वाखाली नाझींनी चित्रपटगृहात पांढरे उंदीर सोडले, दुर्गंधीच्या कुप्या फोडल्या आणि खेळ बंद पाडला. सहा दिवसांनी, ११ डिसेंबर रोजी, जर्मनीची प्रतिष्ठा मलिन होते या कारणास्तव चित्रपटावर बंदी आली. नाझी अद्याप सत्तेवर आले नव्हते. सत्ता हाती नसतानाही सरकारला नमवता येते, हे त्या आठवड्यात सिद्ध झाले.

रेमार्कने स्वित्झर्लंडमध्ये मॅजिओरे सरोवराकाठी पोर्तो रोंको येथे घर घेऊन ठेवले होते. जानेवारी १९३३च्या अखेरीस, हिटलर चॅन्सेलर झाला त्याच सुमारास, तो मोटारीने तिकडे निघून गेला. १० मे रोजी त्याची पुस्तके जाहीरपणे जाळण्यात आली. तो ज्यू आहे, त्याचे खरे नाव वेगळेच आहे, अशी खोटी आवई नाझींनी उठवली. १९३८ साली त्याचे नागरिकत्व रद्द झाले. पुढच्याच वर्षी त्याने अमेरिका गाठली. तेथे हॉलिवूडचे वलय, अभिनेत्री मार्लिन डीट्रिखशी जडलेले प्रेम, चित्रांचा उंची संग्रह, मद्य असे त्याचे आयुष्य चालले होते. निर्वासितांमध्ये इतके ऐश्वर्य फार थोड्यांच्या वाट्याला आले.

त्याची धाकटी बहीण एल्फ्रीडे शोल्त्स मात्र जर्मनीतच होती. ड्रेस्डेन शहरात शिवणकाम करून ती उपजीविका करी. नवरा सैन्यात होता. युद्ध हरल्यातच जमा आहे आणि सैनिकांना उगाच बळी दिले जात आहे, असे ती बोलून गेली. ओळखीच्याच एका बाईने ती गोष्ट अधिकाऱ्यांच्या कानांवर घातली. १९४३ साली तिला अटक झाली. लष्कराचे मनोधैर्य खच्ची केल्याचा आरोप ठेवून रोलांड फ्राइसलरच्या ‘लोकन्यायालया’ने २९ ऑक्टोबर रोजी तिला देहदंड ठोठावला. भाऊ आमच्या हातून निसटला, तू निसटणार नाहीस, अशा आशयाचे उद्गार फ्राइसलरने काढल्याचे सांगितले जाते. १६ डिसेंबर १९४३ रोजी बर्लिनच्या प्लोट्झेनझे तुरुंगात तिचा शिरच्छेद करण्यात आला. नंतर खटला, तुरुंगवास आणि शिक्षेची अंमलबजावणी या खर्चाचे ४९५ मार्क ८० फेनिगचे बिल दुसरी बहीण एर्ना हिच्याकडे पाठवण्यात आले.

ही वार्ता रेमार्कला थेट १९४६ साली समजली. आपण सुरक्षित राहिलो आणि ती मागे राहिली, ही बोच त्याला किती लागली असेल याची कल्पनाच केलेली बरी. त्याविषयी तो उघडपणे फारसे बोलला नाही. त्याने आपले दुःख लेखनात उतरवले. छळछावणीवरील ‘स्पार्क ऑफ लाइफ’ (१९५२) ही कादंबरी त्याने एल्फ्रीडेला अर्पण केली. पाठोपाठ १९५४ साली ‘अ टाइम टु लव्ह अँड अ टाइम टु डाय’ आली. रशियन आघाडीवरून रजेवर आलेला एर्न्स्ट ग्रेबर हा तिचा नायक. गावी परततो तो घर बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालेले. त्याची प्रेयसी एलिझाबेथ हिचे वडील छळछावणीत आहेत, कारण विजयावर आपला विश्वास उरला नाही हे त्यांचे बोलणे कोणीतरी वर कळवले होते. एल्फ्रीडेची सावली येथे स्पष्ट दिसते.

पहिल्या कादंबरीतला शिपाई केवळ बळी होता. ग्रेबर त्याच्या पुढे जातो. आपण ज्या गुन्ह्यासाठी लढतो त्यात आपला वाटा किती, हा प्रश्न घेऊन तो आपल्या जुन्या शिक्षकाकडे, पोलमान यांच्याकडे जातो. १९५८च्या चित्रपटात पोलमान यांची भूमिका स्वतः रेमार्कने केली. मुलांना युद्धावर धाडणाऱ्या कांटोरेकची गोष्ट सांगणारा, एके काळी स्वतः शिक्षक झालेला हा लेखक, साठाव्या वर्षी ज्याच्यापाशी तयार उत्तर नाही अशा शिक्षकाच्या रूपाने पडद्यावर आला. जर्मन प्रकाशकाला मात्र एवढे सत्यही झेपले नाही. जर्मन आवृत्तीतील काही मजकूर गाळून, काही सौम्य करून छापण्यात आला. मूळ रूपातील जर्मन पुस्तक येण्यास १९८९ साल उजाडले.

१९४७ साली रेमार्क अमेरिकेचा नागरिक झाला होता. पश्चिम जर्मनीने १९६७ साली त्याला मानाचा किताब दिला, पण हिरावलेले नागरिकत्व आपणहून परत केले नाही, आणि रेमार्कने त्यासाठी कधी अर्ज केला नाही. मागितल्याविना काढून घेतलेली वस्तू विनवणी करून परत का घ्यावी, अशी त्याची भूमिका होती. २५ सप्टेंबर १९७० रोजी लोकार्नो येथे त्याचे निधन झाले. फ्राइसलर फेब्रुवारी १९४५मध्ये बर्लिनवरील बॉम्बहल्ल्यातच मेला होता. त्याच्या ‘लोकन्यायालया’तील एकाही न्यायाधीशाची शिक्षा पश्चिम जर्मनीच्या न्यायालयांत कायम झाली नाही. ओस्नाब्र्युकने १९६८ साली एका रस्त्याला एल्फ्रीडेचे नाव दिले. त्या न्यायालयाचे निवाडे कायद्याने रद्दबातल ठरण्यास १९९८ साल यावे लागले.

२०२२ साली एडवर्ड बेर्गर या जर्मन दिग्दर्शकाने कादंबरीवर नवा चित्रपट काढला आणि त्याला चार ऑस्कर मिळाली. ज्या बर्लिनमधून ही कथा एकदा हुसकावली गेली, त्या देशाने ती पुन्हा आपली म्हणून जगासमोर ठेवली. कादंबरीचे मूळ नाव लष्करी वार्तापत्रातून आलेले आहे. पॉल बॉयमर मरतो त्या दिवशी, पश्चिम आघाडीवर विशेष काही घडले नाही, एवढीच नोंद होते. एल्फ्रीडेच्या मृत्यूची सरकारदरबारी नोंद झाली ती खर्चाच्या आकड्यांत, आणि तिथे ऐंशी फेनिगही सुटले नाहीत. माणसाचा हिशेब ठेवायला विसरणारी आणि पैशाचा हिशेब चोख ठेवणारी सत्ता रेमार्कने पंधरा वर्षे आधीच ओळखली होती. ती आपल्याच बहिणीच्या दारी येईल, एवढे मात्र त्याला ठाऊक नव्हते.