हाताने लिहिणारे गुरुजी

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. वार्षिक अंकासाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहायचे ठरले, तेव्हा मी साने गुरुजींचे नाव दिले. मैत्रिणी हसल्या. शाळेत दर २४ डिसेंबरला ज्यांच्या तसबिरीला हार घातला, त्यांच्यावर आता नवीन काय लिहिणार? मलाही आधी तसेच वाटत असे. आईवर पुस्तक लिहिणारे आणि वारंवार रडणारे गुरुजी, एवढीच माझी त्यांच्याशी ओळख होती. यंदा मात्र ते मला निराळ्या वाटेने भेटले आणि त्याला कारण झाला माझा धाकटा भाऊ.

तो दहावीला होता. संक्रांत झाली की आमच्याकडची माणसे टोळ्या करून तेलंगणात मिरची तोडायला जातात. यंदा तोही गेला. आईबाबांनी त्याला धाडले नव्हते. माझ्या खानावळीचे दोन महिन्यांचे पैसे थकले होते, ते त्याला कुणी सांगितले हे मला अजून कळलेले नाही. मला तर तो गेल्यावर आठ दिवसांनी समजले. फोन केला, तर तो मिरचीच्या भावाचेच सांगत राहिला. शाळेचा विषय काढला की आवाज येत नाही म्हणायचा.

तेव्हा त्याला एक कार्ड करून पाठवावे असे मनात आले. विकतचे नको होते. वहीचा पुठ्ठा घेतला. मंडईत वाटलेली नाटकांची रंगीत पत्रके जपून ठेवली होती, त्यांतून एक राजा आणि एक विनोदी नट कापला. जुन्या लग्नपत्रिकेची सोनेरी कड, कॅलेंडरातली बैलजोडी आणि गेल्या उन्हाळ्यात पुस्तकात ठेवून वाळवलेले तेंदूचे एक पान घेतले. धावड्याचा डिंक भिजवून हे सारे चिकटवले. मधोमध लिहायला जागा सोडली. ती जागा दोन दिवस तशीच कोरी राहिली. परत ये म्हणावे, तर त्याच्याच मजुरीवर मी जेवणार होते. शाब्बास म्हणावे, तर जीभ रेटेना.

त्या दोन दिवसांत ग्रंथालयात नुसती बसून होते. तिथे 'श्यामची आई' हाती आले आणि त्यात एका कोटाची गोष्ट निघाली. शाळेत ती ऐकली असेलही, पण तेव्हा कानावरून गेली असावी.

गुरुजींचे पूर्ण नाव पांडुरंग सदाशिव साने. जन्म २४ डिसेंबर १८९९, रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड. घराणे एके काळी खोताचे, पण त्यांच्या लहानपणी कर्जाने पोखरलेले. श्याम दापोलीला शिकत असताना खाऊसाठी घरून थोडे पैसे येत. ते खाऊवर न घालवता त्याने साठवले, कापड घेतले, शिंप्याकडून धाकट्या भावासाठी कोट शिवून घेतला आणि भर पावसाळ्यात पायी घरी नेला. ही गोष्ट वाचून मी पुस्तक मिटले. तिथे थोरल्याने पोट मारून धाकट्याला कोट नेला होता; आमच्या घरी धाकटा शाळा सोडून थोरलीला जेवू घालीत होता. त्या दिवशी पुढे वाचवले नाही.

दुसऱ्या दिवसापासून गुरुजींविषयी मिळेल ते वाचत गेले. १९१७ साली ते शिक्षणासाठी दूर असताना आई यशोदाबाई गेल्या. अखेरची भेट झाली नाही. पुढे पुण्यात पदवी घेतली आणि १९२४ मध्ये खानदेशात अमळनेरला ते शिक्षक झाले. तिथल्या छात्रालयाचे कामही त्यांच्याकडे आले. मुलांच्या खोल्या झाडणे, कुणाचे कपडे धुऊन ठेवणे, आजाऱ्याच्या उशाशी बसणे, हे ते न सांगता करीत. वसतिगृहात राहणाऱ्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

मला मात्र जास्त नवल वाटले ते त्यांच्या दैनिकाचे. छात्रालयातील मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचे दैनिक काढीत आणि ते हस्तलिखित असे. रोज! आपल्या भित्तिपत्रकाचा एक अंक काढताना आमची आठ जणांची मंडळी महिनाभर भांडते आणि अखेर चिकटपट्टी आणायला कुणी जात नाही. इथे एकटा माणूस दिवसभर शिकवून मूठभर मुलांसाठी रोज पाने लिहीत होता. छापायचे नव्हते, विकायचे नव्हते, नाव व्हायचे नव्हते. वाचणारी मुले भिंतीपलीकडे झोपलेली होती आणि लिहिणाऱ्याला त्यांतला प्रत्येक जण ठाऊक होता. पुढे ज्यांची पुस्तके घरोघर गेली, त्यांचा हात या पानांवर तयार झाला असे मला वाटते.

१९३० साली त्यांनी नोकरी सोडली आणि सत्याग्रहात उडी घेतली. मग तुरुंग लागले. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये विनोबांनी दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केले. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत अठरा प्रवचने झाली. ती उतरून घेतली साने गुरुजींनी. 'गीता प्रवचने' हे पुस्तक आज हाती आहे, ते बोलणाऱ्याइतकेच त्या लिहिणाऱ्या हातामुळे. दुसऱ्याचे बोलणे लिहिताना स्वतःला मागे ठेवावे लागते. वर्गात नोट्स उतरून घेताना पंधरा मिनिटांत माझे मनगट भरून येते, म्हणून हे विशेष लिहिले.

नंतर १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' अवघ्या पाच दिवसांत लिहून काढली. आई जाऊन पंधरा वर्षे झाली होती. पुस्तक १९३५ मध्ये निघाले. आचार्य अत्र्यांनी १९५३ मध्ये त्यावर चित्रपट काढला आणि त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. हे सर्वांना माहीत असते, म्हणून इथे थांबत नाही.

मला त्यांचे सगळेच लेखन आवडते असे नाही. कधी कधी ते फार भरून येऊन लिहितात आणि वाचणाऱ्याला श्वास घ्यायला उसंत देत नाहीत. पण नुसते हळवे म्हणून त्यांना बाजूला सारता येत नाही. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून हा माणूस महाराष्ट्रभर फिरला आणि १९४७ च्या मे महिन्यात १ तारखेपासून १० तारखेपर्यंत उपाशी राहिला. मंदिराचे दार उघडले. आमच्या गल्लीतले म्हातारे पंढरीला जाऊन आले, ते मूर्तीजवळ उभे राहून आले. त्यांच्या आजोबांच्या वाट्याला ते नव्हते.

गुरुजींनी लग्न केले नाही. स्वतःचे मूलबाळ नव्हते. अखेरच्या काळात त्यांनी सुधा या आपल्या पुतणीला पत्रे लिहिली. १५ ऑगस्ट १९४८ रोजी सुरू केलेल्या 'साधना' साप्ताहिकात ती येत आणि पुढे 'सुंदर पत्रे' नावाने पुस्तकरूप झाली. ती वाचताना मला माझे कार्ड आठवत राहिले. फुले, पाखरे, समुद्र, मोठ्या माणसांच्या गोष्टी, देशातल्या घडामोडी, जे जे दिसेल ते उचलून गुरुजी त्या मुलीसाठी पत्रात लावून ठेवतात. डेन्मार्कचा गोष्टीकार हान्स अँडरसनही असाच. बाप चांभारकाम करणारा, आई लोकांचे कपडे धुणारी. गोष्ट सांगता सांगता तो कात्रीने कागद कापी आणि स्नेह्यांच्या मुलांना कात्रणे चिकटवून चित्रवह्या करून देई. गुरुजींजवळ कात्री नव्हती, इतकेच.

असा माणूस ११ जून १९५० रोजी मुंबईत आपणहून जग सोडून गेला. पन्नाशीच होती. दुसऱ्यांना एवढी पत्रे लिहिणाऱ्याला त्या वेळी कुणाचे पत्र हवे होते का, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

कार्डाच्या कोऱ्या जागेत शेवटी मी उपदेश लिहिला नाही. आमच्या म्हशीला रेडकू झाले, त्याच्या वर्गातला कोण त्याची चौकशी करीत होता, माझा कोणता पेपर कसा गेला आणि खानावळीचे पैसे मी शिकवण्या घेऊन फेडते आहे, एवढेच लिहिले. ते शेवटचे तेव्हा पूर्ण खरे नव्हते. दुसऱ्या दिवशी जाऊन दोन शिकवण्या धरल्या आणि ते खरे केले. टोळीकडे जाणाऱ्या एका काकांच्या हाती कार्ड दिले.

होळीला काही माणसे परतली. तो आला नव्हता, पण त्याने एक पुडी पाठवली होती. मिरचीच्या पोत्याचा तुकडा, त्यावर तेलुगू वर्तमानपत्रातली एक बस कापून शितांनी चिकटवलेली, आणि खाली तेलुगू अक्षरांची एक ओळ. हाताला लागून डोळे चुरचुरले. ती ओळ त्याला वाचता येत नाही, मलाही नाही. मी आपली बसकडे पाहून अर्थ लावला की गडी घरी यायला निघतो आहे.

गुरुजी तिरुचिरापल्लीच्या तुरुंगात होते, तेव्हा त्यांनी तिथे तमिळ शिकून घेतली आणि कुरळ मराठीत आणला. एका प्रांताच्या माणसाने दुसऱ्या प्रांताची भाषा शिकावी, हे त्यांच्या आंतरभारतीचे स्वप्न होते. ते त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही. आमच्या खोलीत सिरोंच्याची एक मुलगी आहे, तिच्या घरी तेलुगू बोलतात. तिला पोत्याचा तुकडा दाखवला. ती वाचून खूप हसली. ती ओळ खताच्या जाहिरातीची होती.

पुढच्या वर्षासाठी मी त्याच्या सतरा नंबरच्या फॉर्मची चौकशी करून ठेवली आहे. तो बसेल की नाही, ठाऊक नाही. रात्री दिवे जायच्या आत सिरोंच्याची ती मुलगी मला तेलुगू अक्षरे गिरवायला देते. आतापर्यंत अकरा आली.