पंडिता रमाबाई : कार्य आणि गद्यलेखन

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात पंडिता रमाबाईंचा उल्लेख बहुधा दोन ठिकाणी विखुरलेला आढळतो : एक प्रवासवर्णनाच्या प्रकरणात, दुसरा स्त्रीसुधारणेच्या पार्श्वभूमीत. त्यांचे अखेरचे आणि व्याप्तीने सर्वांत मोठे मराठी लेखन या इतिहासाच्या कक्षेत फारसे येतच नाही. या विभागणीमुळे एक गोष्ट नजरेआड होते. रमाबाईंचे बहुतेक प्रत्येक पुस्तक हाती घेतलेल्या कार्याच्या निकडीतून जन्मले, आणि त्या निकडीनेच त्यांच्या भाषेला वळण दिले.

23 एप्रिल 1858 रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात त्यांचा जन्म झाला. पिता अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले होते आणि त्यापायी स्वजनांचा रोषही पत्करला होता. रमाबाईंची गुरू म्हणजे ही आईच. घर असे त्यांना लाभलेच नाही. पुराण सांगत तीर्थयात्रा करणाऱ्या या कुटुंबाचा संसार वाटेवरचाच होता. 1874च्या सुमारास दक्षिणेतील दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण पाठोपाठ गेली. उरलेली दोन भावंडे पायी हिंडत 1878 साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी वीस वर्षांच्या या मुलीस पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. उपासमारीचा तो अनुभव मात्र या गौरवापेक्षा खोलवर रुजला होता.

1880 साली बंधू श्रीनिवास निवर्तले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी आंतरजातीय विवाह केला. 1882च्या आरंभी पटकीने त्यांचेही निधन झाले. कन्या मनोरमेला घेऊन त्या पुण्यास आल्या. त्या एकाच वर्षात आर्य महिला समाजाची स्थापना, हंटर आयोगापुढील मराठीतील साक्ष आणि 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक अशी तीन कामे त्यांनी केली. स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर तयार व्हाव्यात, ही त्या साक्षीतील मागणी. पुस्तक संस्कृतप्रचुर आणि उपदेशाच्या थाटाचे आहे. आज ते वाचताना परंपरेला धरून चालणारी रमाबाई पाहून थोडे चकित व्हायला होते. त्याच्या विक्रीतून मात्र 1883 सालच्या इंग्लंडप्रवासाचा खर्च उभा राहिला.

इंग्लंडात वैद्यक शिकण्याचा बेत श्रवणदोषामुळे सोडावा लागला. त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या स्वतः शिकत होत्या आणि संस्कृत शिकवीतही होत्या. 1886 साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियास गेल्या आणि तेथून सुमारे अडीच वर्षे अमेरिकाभर हिंडल्या. किंडरगार्टन पद्धतीचा अभ्यास, व्याख्याने, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील 1887चे इंग्रजी पुस्तक, आणि या साऱ्यांतून विधवागृहासाठी निधी देणारी बोस्टन येथील रमाबाई असोसिएशन असा हा क्रम आहे.

1889 साली प्रसिद्ध झालेले 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक या संदर्भात पाहावयास हवे. शीर्षकात लोकस्थिती आधी आणि प्रवासवृत्त नंतर आहे, हे अर्थपूर्ण आहे. निसर्गदृश्यांचे वर्णन येते, परंतु लेखिकेचे खरे कुतूहल शासनपद्धती, शिक्षण आणि विशेषतः स्त्रियांनी स्वबळावर चालविलेल्या संस्था यांविषयी आहे. प्रशंसेला मर्यादाही आहे : कृष्णवर्णीयांविषयीचा द्वेष आणि मूळ रहिवाशांवर झालेला अन्याय त्या झाकून ठेवीत नाहीत. येथे गद्य सुटसुटीत झाले आहे. ज्या वाचकाला एखादी गोष्ट समजावून द्यायची आहे, त्याच्याशी बोलणाऱ्या शिक्षिकेचे हे गद्य आहे.

त्याच वर्षी 11 मार्चला मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झालेल्या बाया कर्वे. 1890 साली सदन पुण्यास आले आणि तेथेच वादळ उठले. रमाबाईंच्या प्रार्थनेला मुली बसतात, यावरून 'केसरी'ने टीका केली. 1893 साली रानडे, भांडारकर आदी सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी मुली परत नेल्या. पालकांची भीती निराधार नव्हती, हे मान्य करावे लागते. परंतु या विच्छेदाची किंमत मराठी साहित्यव्यवहारानेही मोजली. शिष्ट वाचकवर्ग आणि रमाबाई यांतील संवाद येथून क्षीण झाला.

1896-97च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या सुमारे तीनशे मुली-स्त्रियांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते; तेव्हा केडगावची, फळबागेसाठी घेतलेली जमीन उपयोगी पडली. तेथेच मुक्तिसदन उभे राहिले. 1900च्या दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. शाळा, शेती, विणकाम, अंध स्त्रियांसाठी शिक्षण आणि छापखाना असा पसारा वाढला. आता समोर पुण्या-मुंबईची सुशिक्षित वाचक नव्हती, तर नुकतीच अक्षरओळख झालेली खेड्यातली मुलगी होती.

तिच्यासाठी त्यांनी उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. प्रचलित भाषांतर त्यांना संस्कृतप्रचुर वाटे, शिवाय त्यातील तत्सम शब्दांना हिंदू तत्त्वविचाराचे अर्थ चिकटलेले होते. संस्कृतवरील प्रभुत्वासाठी पदवी मिळालेल्या विदुषीने संस्कृत शब्द निवडून निवडून वगळावेत, हा मराठी गद्याच्या इतिहासातील एक विलक्षण प्रयोग आहे. काही ठिकाणी ही भाषा ओबडधोबड होते. तरीही भाषाभ्यासकांनी तिच्याकडे धर्मग्रंथ म्हणून पाठ फिरविणे उचित ठरत नाही. जुळणी आणि छपाई आश्रमातील स्त्रियांनीच केली. 1921 साली मनोरमा गेली. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंचे निधन झाले, तेव्हा भाषांतर पूर्ण झालेले होते. संपूर्ण ग्रंथ 1924 साली मुक्तिसदनाच्या छापखान्यातून बाहेर पडला.