शनवार तेल्यांचा सामाजी



दहा आज्ञा आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केलेल्या असतात. यहुदी गुरू मात्र मोशेच्या नियमशास्त्रात एकूण ६१३ आज्ञा मोजतात. काय खावे, कधी काम थांबवावे, मूल जन्मले की आठव्या दिवशी काय करावे, मजुराची मजुरी कधी द्यावी, सारे त्यात आले. एवढ्या आज्ञा रोजच्या संसारात कशा पाळायच्या, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे एक उत्तर दूर पॅलेस्टाईनमध्ये नाही, आपल्या कोकणात आहे. तेथल्या एका मराठी शिपायाचे चरित्र आज सांगतो.

त्याचे नाव सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच शमुवेल यहेज्केल. तो बेने इस्राएल समाजातला. आपले पूर्वज अलिबागजवळ नौगाव येथे गलबत फुटून किनाऱ्याला लागले, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, असे हा समाज सांगत आला आहे. ग्रंथ बुडाले, हिब्रू भाषा हळूहळू विसरली, मंदिर नाही, याजक नाही. भाषा मराठी झाली, आडनावे गावांवरून पडली : रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर, दिव्याचे दिवेकर. धंदा तेलाच्या घाण्याचा. आपल्याकडे जशी करडई, तसे तिकडे तीळ आणि खोबरे.

पण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. बैल सुटे, गिऱ्हाईक परत जाई. म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना नावच दिले : शनवार तेली. शब्बाथ का पाळायचा याचे शास्त्र सांगणारा त्यांच्यात कोणी उरला नव्हता, पण घाणा थांबत होता. आठव्या दिवशी मुलाची सुंता होई. पंख आणि खवले असलेलाच मासा चुलीवर चढे. मुशी, शिंगाळा, कोळंबी, खेकडा नाही. कोकणच्या किनाऱ्यावर राहून हे सोडणे म्हणजे काय, ते कोकणी माणसालाच विचारा ! आणि देव एकच आहे असे सांगणारी, अनुवादाच्या सहाव्या अध्यायातली प्रार्थना त्यांना हिब्रूत तोंडपाठ होती. अर्थ पुसट झाला होता, तरी सुखदुःखाच्या प्रत्येक प्रसंगी तीच म्हणत. प्रभू येशूला सर्वांत मोठी आज्ञा कोणती असे विचारले, तेव्हा त्याने सुरुवात ह्याच शब्दांनी केली, हे मार्काच्या शुभवर्तमानात आहे.

संत थॉमस अक्वायनस ज्यांना आदराने रब्बी मोशे म्हणतात, त्या मैमोनिडीझ ह्या थोर यहुदी तत्त्वज्ञाने सुमारे १२०० साली एका पत्रात लिहिले होते की, हिंदुस्थानातल्या यहुद्यांना शब्बाथ आणि सुंता यांपलीकडे नियमशास्त्राचे काहीच ठाऊक नाही. त्याने ते उणीव म्हणून लिहिले. मला मात्र वाटते, ग्रंथाशिवाय एवढे टिकले, हीच नवलाची गोष्ट आहे.

अठराव्या शतकात मुंबई वाढू लागली आणि कोकणातले बरेच बेने इस्राएल घाणा सोडून कंपनी सरकारच्या पलटणीत शिरले. सामाजी त्यांच्यापैकीच. तो चढत चढत कमांडंटच्या हुद्द्यापर्यंत पोहोचला. १७८० ते १७८४ या काळात इंग्रजांचे म्हैसूरशी युद्ध झाले, त्यात तो टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला. पुढची हकीगत समाजात पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. कैद्यांना जात विचारण्यात आली. सामाजीने बेने इस्राएल असे सांगितले. हे नाव सुलतानाच्या आईच्या कानी गेले. कुराणात वारंवार येणारे हे लोक प्रत्यक्षात तिने कधी पाहिले नव्हते. तिने रदबदली केली आणि जीव वाचला. सुटलो तर देवाचे घर बांधीन, असा नवस त्याने केला होता.

नवस पुष्कळ जण बोलतात. सामाजीने फेडला. १७९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात त्याने प्रार्थनामंदिर उभारले. मुंबईतले ते पहिले सिनेगॉग. नाव ठेवले ‘शाअर हारहामीम’, म्हणजे दयेचे द्वार. तोवर हा समाज घरोघरी प्रार्थना करी; आता एकत्र जमायला जागा झाली. पण नियमशास्त्राच्या हस्तलिखित गुंडाळीशिवाय तिथे वाचायचे काय ? ती मिळवण्यासाठी तो कोचीनला गेला, कारण तिथल्या यहुद्यांकडे जुनी सिनेगॉग होती, जाणकार होते. १७९७ मध्ये कोचीनलाच त्याला मरण आले. मंदिर उभे राहून जेमतेम एक वर्ष झाले होते.

त्याने उघडलेल्या दारातून पुढे बरेच आत आले. कोचीनहून शिक्षक आले, विसरलेले सण पुन्हा सुरू झाले, हिब्रू शिकवली जाऊ लागली, वल्हांडणाच्या विधीचे पुस्तक मराठीत छापले गेले. अलिबागेत १८४८ मध्ये सिनेगॉग झाले. ती वस्ती अजून इस्राएल आळी म्हणूनच ओळखली जाते. मटणाच्या कालवणात गाईम्हशीचे दूध चालत नाही, म्हणून नारळाचे दूध घालणारी त्यांची चूल तर प्रसिद्धच आहे.

एक गोष्ट झाकून ठेवणे बरे नव्हे. ह्याच समाजात गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असा भेद होता. मिश्र वंशाचे म्हणून काळ्यांशी सोयरीक होत नसे, प्रार्थनेतही त्यांना मागे ठेवत. परक्याला आपल्यासारखेच माना, ही आज्ञा लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात स्पष्ट आहे. शनिवार पाळणे सोपे गेले, हे अवघड गेले. जातीची झळ सोसलेल्या आपल्या घरांना हे वेगळे सांगायला नको. पुढे इस्राएल देशात गेल्यावर ह्याच बेने इस्राएलांकडे तिथल्या धर्मगुरूंनी संशयाने पाहिले; हे लग्नसंबंधाला योग्य आहेत का, असा वाद उठला. उपोषणे, निदर्शने झाली, तेव्हा १९६४ मध्ये त्यांना पूर्ण यहुदी म्हणून मान्यता मिळाली.

सामाजीचे सिनेगॉग १८६० मध्ये सध्याच्या जागी आले. तो रस्ता त्याच्या नावाने सॅम्युएल स्ट्रीट म्हणून ओळखला जातो. बेने इस्राएल आपल्या प्रार्थनामंदिराला मशीद म्हणत, आणि जवळच्या रेल्वे स्टेशनाचे नाव त्यावरूनच पडले असे म्हणतात. कामानिमित्त मुंबईला जाणारे आपल्यातले कितीतरी जण त्या मशीद स्टेशनावरून गेले असतील.