गुन्ह्याकडे करुणेने पाहणारे बिमलदा

लोखंडावर पडणारे घणाचे घाव, वेल्डिंगच्या ठिणग्या आणि त्या प्रकाशात क्षणात उजळणारा, क्षणात काळोखात बुडणारा नूतनचा चेहरा. ‘बंदिनी’तील (१९६३) कल्याणी ज्या चिडखोर रुग्णाची सेवा करते आहे, ती आपल्या प्रियकराचीच पत्नी असल्याचे तिला नुकतेच उमगले आहे. त्यातच वडिलांच्या मृत्यूचा आघात. ती त्या रुग्णाला विष देते आणि मग स्वतःच गुन्हा कबूल करते. हिंदी चित्रपटाची नायिका खुनी असू शकते आणि तरीही प्रेक्षकांची सहानुभूती तिच्याकडेच राहू शकते, हे धाडस दिग्दर्शक बिमल रॉय यांचे.

१९०९ साली ढाका जिल्ह्यातील सुआपूरच्या जमीनदार घराण्यात त्यांचा जन्म झाला. वडिलांच्या निधनानंतर इस्टेटीच्या कारभाऱ्याने कुटुंबाला फसवले आणि तरुण बिमल आई-भावंडांसह कोलकात्यात आला. ‘न्यू थिएटर्स’मध्ये कॅमेऱ्यामागे उमेदवारी झाली. प्रमथेश बरुआंच्या ‘मुक्ती’चे (१९३७) छायाचित्रण त्यांचेच. ‘उदयेर पथे’ (१९४४) या बंगाली चित्रपटाने दिग्दर्शक म्हणून नाव झाले. मात्र फाळणीनंतर बंगालचा चित्रपट व्यवसाय खचला आणि ‘बॉम्बे टॉकीज’च्या ‘माँ’साठी (१९५२) बिमलदा मुंबईत आले. सोबत हृषिकेश मुखर्जी, नबेंदू घोष, असित सेन अशी मंडळी होती. ती मुंबईचीच झाली.

इथे स्वतःची संस्था काढून त्यांनी पहिला चित्रपट केला तो ‘दो बिघा जमीन’ (१९५३). स्वतःची जमीन गमावलेल्या जमीनदारपुत्राने कुळाच्या जमिनीची कहाणी सांगावी, यात नियतीचा खेळ आहेच. शंभू महातोला वाटते कर्ज ६५ रुपयांचे. कागदावर ते २३५ निघते. पैसे जमवायला तो कोलकात्यात हातरिक्षा ओढतो. पण चित्रपट खरा टोकदार होतो तो शंभूच्या मुलापाशी. वडील जायबंदी झाल्यावर पोरगा चोरी करू लागतो, आणि आईला झालेला अपघात ही त्याचीच शिक्षा समजून हाती आलेल्या नोटा फाडून टाकतो. पोटात भूक असलेल्या घरात प्रामाणिकपणाची किंमत काय, हा प्रश्न भाषणाविना विचारला जातो. १९५४ साली कान महोत्सवात या चित्रपटाला आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले.

‘सुजाता’त (१९५९) ही झुंज सुखवस्तू ब्राह्मण घरात शिरते. अनाथ दलित मुलीला वाढवणारी चारू तिच्यावर माया करते, पण ती ‘आपली’ असे म्हणू शकत नाही. सुलोचनाबाईंनी ही घुसमट विलक्षण संयमाने उभी केली. चारूचा राग येतो आणि कीवही येते. शेवटी सुजाताच्या रक्ताने चारूचे प्राण वाचतात. हा तोडगा आज फार सोपा वाटतो. माणूस म्हणून मान्यता मिळवण्यासाठी सुजातानेच रक्त का द्यावे, असा प्रश्न आजचा प्रेक्षक विचारील, आणि तो रास्तच आहे. परंतु व्यावसायिक चित्रपटात तेव्हा एवढेही कोण बोलत होते?

पुनर्जन्माच्या ‘मधुमती’ने (१९५८) तिकीटबारीवर यश दिले. दिग्दर्शनासाठी ‘फिल्मफेअर’ त्यांना सात वेळा मिळाले. तरीही त्यांची उंची मोजावी ती ‘बंदिनी’नेच.

कथा तुरुंग खात्यात नोकरी केलेल्या ‘जरासंध’ या बंगाली लेखकाची. शिक्षा भोगत असलेल्या कल्याणीपुढे तुरुंगाचा तरुण डॉक्टर सन्मानाचे आयुष्य ठेवतो. त्याच्या घरी निघालेल्या कल्याणीला वाटेत, स्टीमरच्या धक्क्यावर, क्षयाने पोखरलेला बिकाश भेटतो. त्याने दुसरे लग्न का केले, हे तिला तिथे कळते. गाडी एका बाजूला, बोट दुसऱ्या बाजूला. ती बोटीकडे धावते. ही निवड शहाणपणाची की आत्मघाताची, यावर प्रेक्षक आजही भांडतात. नूतनला ‘सुजाता’प्रमाणे याही भूमिकेसाठी ‘फिल्मफेअर’ मिळाले.

‘बंदिनी’नंतर बिमलदांच्या हातून दिग्दर्शक म्हणून दुसरा कथापट पुरा झाला नाही. समरेश बसूंच्या कादंबरीवरून कुंभमेळ्याच्या पार्श्वभूमीवरील चित्रपट त्यांनी मनात धरला होता. मेळ्याचे काही चित्रीकरणही झाले होते. ८ जानेवारी १९६६ रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी, कर्करोगाने त्यांचे मुंबईत निधन झाले आणि ते काम तसेच राहिले.