गॉर्डन हॉल ह्यांची बंद झालेली वाट

इ. स. १८१२ साली गॉर्डन हॉल अमेरिकेहून कलकत्त्यास आले, तोच कंपनी सरकारने त्यांस देश सोडण्याची आज्ञा केली. १८१३ च्या फेब्रुवारीत ते सॅम्युएल नॉट ह्यांसह मुंबईस पोहोचले. तेथेही तोच हुकूम झाला. तेव्हा सिंहलद्वीपास जाण्याचा बेत करून ते गुपचूप जहाजावर चढले. परंतु कोचीनाहून त्यांस परत आणिले. बेत फसला, आणि जी मुंबई ते सोडीत होते तेथेच देवाने त्यांस ठेविले. डिसेंबरात तो हुकूम थांबला. पुढे सुमारे १२ वर्षे त्यांनी सुवार्ता सांगितली. १८२६ साली नाशिककडील फेरीत पटकीच्या रोग्यांस औषधे वाटून ते त्याच रोगाने प्रभूजवळ गेले. प्रियहो, वाट बंद झाली म्हणजे आम्ही कुरकुरतो. ती बंद करणारा हात आम्ही ओळखावा.