आपल्या शेजारचा पॉवर सप्लाय : सर दोराबजी टाटा

कर्जत-खालापूर म्हटलं की आपल्याला ट्रेक, पाऊस आणि शेवटची लोकल आठवते. पण मित्रांनो, मुंबईचा सगळ्यात जुना मोठा पॉवर सप्लाय आपल्याच तालुक्यांत बसलाय, खोपोलीला आणि भिवपुरीला! तो उभा करणारे सर दोराबजी टाटा.

जन्म 27 ऑगस्ट 1859, मुंबई. जमशेटजींचा हा थोरला मुलगा. केंब्रिजला दोन वर्षं काढली, तिथे खेळातच जास्त नाव कमावलं. परत येऊन 1882 साली सेंट झेवियर्समधून बी.ए. केलं, थोडे दिवस पेपरमध्ये नोकरी केली आणि 1884 मध्ये वडिलांच्या धंद्यात शिरले. 1904 साली जमशेटजी गेले तेव्हा त्यांची तीन मोठी कामं बाकी होती : पोलादाचा कारखाना, विज्ञान संस्था आणि पाण्यापासून वीज. तिन्ही पूर्ण झाली ती मुलाच्या काळात.

मुंबईच्या गिरण्या तेव्हा कोळशावर चालायच्या. कोळसा लांबून यायचा, धूर मात्र इथेच राहायचा. उलट लोणावळ्याला पाऊस धो धो, पण तो फक्त चार महिने. ज्यांनी जुन्या होम कॉम्प्युटरसाठी स्वस्तातला पॉवर सप्लाय घरी बनवलाय त्यांना ही भानगड लगेच कळेल. डायोडच्या ब्रिजमधून येणारा करंट झटक्याझटक्याने येतो, कॉम्प्युटरला मात्र सरळ 5 व्होल्ट लागतात. मधे मोठा कपॅसिटर लावावाच लागतो. तो लहान पडला तर स्क्रीनवर पट्ट्या सरकतात. इथे तलाव लहान पडला असता, तर मे महिन्यात गिरण्या बंद! म्हणून घाटावर लोणावळा, वळवण आणि शिरवटा हे तलाव झाले. तिथलं पाणी पाइपांतून सुमारे 500 मीटर खाली खोपोलीला सोडायचं आणि त्या जोरावर पेल्टन चाकं फिरवायची.

1910 मध्ये कंपनी निघाली. तिच्या नावातच पॉवर सप्लाय हे शब्द होते : टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी. भांडवल भारतातूनच उभं राहिलं, त्यात संस्थानिकांचा मोठा वाटा होता. फेब्रुवारी 1915 मध्ये खोपोलीची वीज मुंबईला पोचली. मग 1922 मध्ये भिवपुरी आणि 1927 मध्ये भिरा.

पण ही गोष्ट नुसती कौतुकाची नाही. भिऱ्यासाठी मुळशीला धरण बांधायचं ठरलं आणि मावळ्यांची गावं, भातशेती पाण्याखाली जाणार म्हणून 1921 साली सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट त्यात तुरुंगात गेले. धरण झालंच, गावं बुडाली. मुंबईच्या उजेडाचं बिल कोणी भरलं, हे इंजिनिअर होणाऱ्यांनी विसरू नये.

दोराबजींनी स्वतःचंही पणाला लावलं. 1924 मध्ये टाटा स्टीलकडे पगाराला पैसे नव्हते, तेव्हा त्यांनी आपली सगळी खाजगी मालमत्ता गहाण टाकून कर्ज काढलं. त्यात पत्नी मेहेरबाईंचा ज्युबिली हिरासुद्धा होता, कोहिनूरच्या दुपटीहून मोठा! कंपनी वाचली. 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय खेळाडू गेले, तेही त्यांच्याच पुढाकाराने आणि मदतीने.

1931 मध्ये मेहेरबाई ल्युकेमियाने गेल्या. मूलबाळ नव्हतं. 1932 मध्ये दोराबजींनी जवळजवळ सगळी संपत्ती ट्रस्टला दिली आणि त्याच वर्षी 3 जूनला जर्मनीत त्यांचं निधन झालं. पुढे ट्रस्टच्या पैशातून 1941 मध्ये परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल उभं राहिलं. 1945 मध्ये ट्रस्टच्याच मदतीने मेहेरबाईंचे भाचे होमी भाभा यांनी टीआयएफआर सुरू केली, आणि तिथेच भारतात बनलेला टिफ्रॅक कॉम्प्युटर 1960 साली चालू झाला.

म्हणजे वीजही त्यांची आणि कॉम्प्युटरच्या मागचा पैसाही त्यांचाच! पुढच्या वेळी खोपोलीला डोंगरावरून उतरणारे पाइप दिसले तर जरा थांबा. दोराबजींना सलाम करा, आणि मुळशीच्या शेतकऱ्यांनाही.